वालाची उधारी

काजव्यांबद्दल लिहीत नाही. जूनच्या पहिल्या शनिवारी भंडारदऱ्याला जायचं आम्हाला सुचलं तसंच निम्म्या पुण्यालाही सुचलं होतं. झाडाखाली गाड्या, गाड्यांचे दिवे लखलखीत, आणि त्या उजेडात लोक काजवे शोधत होते. आम्हीही त्यातलेच. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर रविवारी उरकलं.

मला खरं तर जायचं होतं कोंभाळण्याला, राहीबाई पोपेरेंच्या घरी. 2018 साली बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत आलेल्या, 2020 साली पद्मश्री जाहीर झालेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या महादेव कोळी समाजातल्या या बाई. नातू सारखा आजारी पडू लागला तसा त्यांचा संशय औषधं मारलेल्या भाज्यांवर गेला आणि त्यांनी घराघरांतून गावठी बी गोळा करायला घेतलं, हे वाचलेलं होतं. पण मी आधी फोनच केला नव्हता. त्या घरी नव्हत्या. कशाला असतील? पेरणीच्या तोंडावर पुण्याची बाई येणार म्हणून कोण वाट बघत बसेल!

हिरमुसून परतताना एका वाडीत पाणी मागायला थांबलो. नाव मुद्दाम लिहीत नाही. काजव्यांचं काय झालं ते पाहून आले आहे.

अंगणात एक आजी वाल निवडत होती. सुपात काळे, तांबूस, पांढरे, ठिपक्यांचे, सगळे वेगवेगळ्या ढिगांत. मी तिच्या मुलाला विचारलं, "किती प्रकारचे आहेत?" तो म्हणाला, "ते म्हातारीला इचारा, मला नांगर इचारा."

म्हातारीने नावं सांगितली नाहीत, नाती सांगितली. "ह्यो माझ्या आईकडचा. ह्यो नणंदंच्या सासरचा. ह्यो धाकल्या लेकीनं दिवाळीला आणला, वानवळा म्हणून." मुलगी सासरी जाताना किंवा माहेरून परतताना पदराच्या गाठीला बी, असं ते गावोगाव फिरलेलं. कागदावर कुठेच नोंद नाही, आणि कोणत्या ढिगाला पाऊस कमी लागतो, कोणता थंडीत उशिरा धरतो, हे तिला तोंडपाठ.

मग आत नेलं. डोळ्यांना काही दिसेना, धुराने पाणी आलं. चुलीवरच्या आढ्याला मक्याची कणसं टांगलेली, कोपऱ्यात शेणाने तोंड लिंपलेली गाडगी. एक फोडून दाखवलं तर आत नुसती राख! हात घातला तेव्हा बिया लागल्या. चुलीची चाळलेली राख ओल शोषते, किडा लागू देत नाही. "हायब्रिडचं ठिवून उपेग न्हाई," ती म्हणाली, "दुसऱ्या साली ते बापावर जात न्हाई."

इथवर सगळं छान चाललं होतं. मग मी पर्स उघडली. "आजी, थोडे विकत द्या ना, किती द्यायचे?"

ती रागावली नाही. पण चेहरा मिटला. "बी इकत नसतं, बाय." थोडा वेळ कुणीच बोललं नाही. नवऱ्याने उगाच कोंबडीकडे पाहिलं. मग तिनेच तांबूस ढिगातल्या बिया मोजून माझ्या तळहातावर ठेवल्या. 20. "पिकलं की दुप्पट आणून दे. एकाच घरी ठिवलं आन घर जळालं, मंग?"

पाहुणचार म्हणजे चहा-पोहे अशी माझी समजूत. इथे मला कर्ज मिळालं होतं, आणि खोटं कशाला बोलू, परतीच्या वाटेवर त्याचं ओझंच वाटत होतं. मी तिसऱ्या मजल्यावर राहते.

तरी लावल्या, दोन कुंड्यांत. अकरा रुजल्या, पाच वेल टिकले. नोव्हेंबरात जांभळट फुलं आली तेव्हा शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. आजीने बजावलं होतं, टपोऱ्या शेंगा आधी हेरून ठेव, वेलावरच वाळू दे, त्यांना हात लावायचा नाही. डिसेंबरात नणंद जेवायला आली. घरात भाजी नव्हती. मी कोवळ्याच खुडायला गेले होते, खरंच, पण कढईत टाकताना दिसलं की हेरलेल्यांपैकी बऱ्याच त्यात आल्या आहेत. ओलं खोबरं घालून केली. नणंद म्हणाली, अशी चव बाजारच्या वालाला नसते.

काल उरलेल्या वाळक्या शेंगा सोलल्या. 17 बिया निघाल्या. घरात चूल नाही, म्हणून उदबत्तीची राख घालणार होते, पण तिच्यातल्या वासाची भीती वाटली. कोरड्या बरणीत ठेवल्या आहेत.

अजून 23 बाकी.