मोहर्ली की कोलारा?

काल सकाळी ताडोबाच्या मोहर्ली गेटने कोअर (म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग), दुपारी आगरझरी बफर (म्हणजे त्याभोवतीचा पट्टा), आत्ता पाठ धरलीये पण लिहितोच, कारण ताडोबाला कुठल्या गेटने जाऊ असं दर महिन्याला कोणीतरी विचारतंच.

तर मोहर्ली. चंद्रपूरहून जवळ, म्हणून गर्दी पण तिथेच. पण तळ्याकडे जाणाऱ्या त्या रस्त्याच्या कडेला गोंडकाळातले दगडी खांब उभे आहेत ना, त्यासाठी मी परत जाईन. म्हणे राजा आला की दोरीला बांधलेल्या घंटा वाजवून पुढे वर्दी द्यायचे. तळ्यावर मगर नुसती ओंडक्यासारखी पडलेली, आमच्या जिप्सीतल्या काकू म्हणे खोटी आहे, तेवढ्यात ती सरकली 😄 मोबाईल आत न्यायचा नाही त्यामुळे फोटो नाही, आणि खरं सांगू, बरंच वाटलं.

वाघ मात्र कोअरमधे नाहीच, दुपारी बफरमधे दिसला, तोही पाठमोरा, बांबूत शिरताना. बफरला लोक उगाच नाक मुरडतात, पावसाळ्यात कोअर बंद असतं तेव्हा हेच कामी येतं.

कोलारा मागच्या वर्षी केलं होतं, नागपूरवाल्यांना चिमूरमार्गे तेच सोपं पडतं. नवेगावकडे गाव उठून गेलं तिथे आता मोकळं गवत आहे, चितळांचे कळप बघायला मस्त.

आणि हो, मंगळवारी पार्क बंद असतं. आमच्या ग्रुपमधल्या एकाने मंगळवारचीच रजा टाकलेली.