सहा प्रश्नचिन्हं: घरच्या डेस्कटॉपवर सी बसवताना

आमच्या घरच्या डेस्कटॉपवर सी कंपायलर (सी भाषेतल्या प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) बसवायला मला बावीस दिवस लागले. त्यातले एकवीस दिवस एका ओळीने खाल्ले. ती ओळ अजून तोंडपाठ आहे: ‘कॅनॉट क्रिएट टेम्पररी फाइल इन सी कोलन यूजर्स’, मग सहा प्रश्नचिन्हं, मग ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. कोणाला तरी हीच ओळ दिसत असेल, म्हणून हे लिहिते आहे. ज्याला फक्त उत्तर हवं आहे त्याने मधला भाग सोडून ‘टेम्प’ शब्द शोधावा.

आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहतो. घरामागे कुळागर, म्हणजे बागायत, आहे. सुपारी, नारळ, केळी, थोडी मिरी यांचा आणि पाडेलीच्या, म्हणजे नारळ पाडणाऱ्याच्या, मजुरीचा हिशेब गेली काही वर्षं मी कॉम्प्युटरवर ठेवते. मशीन साधं आहे: आय-थ्री, चार जीबी रॅम, विंडोज 10, 64 बिट. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा खात्याचं नाव विचारलं, मी मराठी कीबोर्ड लावून ‘कुळागर’ असं टाकलं. ते चाललं, छान दिसलं, आणि मी विसरून गेले.

यंदा भाचा कॉम्प्युटर डिप्लोमाला लागला. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीत आला तेव्हा सीचा सराव घरी करायचा म्हणून पेनड्राइव्हवर टर्बो सी हा जुना कंपायलर घेऊन आला, कारण कॉलेजच्या लॅबमध्ये तेच आहे. निळा पडदा बघून मला भरून आलं. मी स्वतः नव्वदच्या दशकात म्हापशाच्या एका क्लासमध्ये त्याच पडद्यावर सी शिकले. पण टर्बो हे विंडोजच्या आधीच्या डॉस या सिस्टिमच्या काळातलं 16 बिटचं साधन आहे, बोरलँडने ते पहिल्यांदा 1987 मध्ये काढलं. 64 बिटचं विंडोज 16 बिटचे प्रोग्राम चालवतच नाही, त्यामुळे आधी डॉसची नक्कल करणारं डॉसबॉक्स घालायचं, त्यात फोल्डर माउंट करायचं आणि मग आत टर्बो उघडायचं. ते जमलं. भाच्याने हौसेने वर्षाच्या नारळांची बेरीज करणारा प्रोग्राम लिहिला. बेरीज चाळीस हजार यायला हवी होती, आली उणे 25,536. टर्बोमध्ये इंट (पूर्णांकाचा प्रकार) दोन बाइटचा असतो, 32,767 च्या पुढे गेला की उलटून उणे होतो. परीक्षेपुरतं टर्बो ठीक आहे म्हणा. पण आमच्या नारळांना न पुरणाऱ्या साधनावर पोराने पहिलं वर्ष घालवावं हे मला पटलं नाही. म्हटलं, आजचा कंपायलर घालूया.

निवड एका संध्याकाळी झाली. व्हिज्युअल स्टुडिओ कित्येक जीबीचा, आमच्या मशीनला आणि आमच्या नेटला न झेपणारा. व्हीएस कोड हलका आहे, पण तो फक्त एडिटर. त्याच्यात कंपायलर नसतो, तो वेगळा घालावा लागतो. नवीन मुलं इथेच अडकतात आणि ‘रन’ दाबून वाट बघत बसतात. राहिलं कोड-ब्लॉक्स, प्रोग्राम लिहायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर (आयडीई). त्याच्या डाउनलोडच्या यादीत बरीच नावं असतात. ज्या फाइलच्या नावात ‘मिंगडब्ल्यू’ आहे तीच घ्यायची, कारण तिच्यात जीसीसी कंपायलर बरोबर येतो. मी 20.03 ही आवृत्ती घेतली, तिच्यात जीसीसी 8.1 होता. पावसात दोनदा वीज गेली, तिसऱ्या वेळी फाइल पुरी उतरली.

भाच्याने पाच ओळींचा प्रोग्राम लिहिला, ‘बिल्ड’ (कंपाइल करायचं बटण) दाबलं, आणि खाली लाल अक्षरांत ती ओळ आली.

पहिल्यांदा मी अँटिव्हायरसवर संशय घेतला. तसा तो अगदीच निराधार नव्हता, आपण नुकतीच बनवलेली एक्झी फाइल अँटिव्हायरस पकडून ठेवतो असं होतं. तो बंद केला. तीच ओळ. कोड-ब्लॉक्स काढून परत घातला. तीच ओळ. राइट क्लिक करून ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ केलं. तीच ओळ. प्रोग्राम ‘सराव’ नावाच्या मराठी फोल्डरात होता, तो डी ड्राइव्हवर इंग्रजी नावाच्या फोल्डरात हलवला. इथे मी उत्तराला अगदी खेटून गेले होते, पण तरीही तीच ओळ आली, म्हणून नावाचा संशय मनातून काढून टाकला. हे मला आजही लागतं.

भाचा सुट्टी संपवून गेला. मी रोज जेवणं आटोपल्यावर बसायची. ज्या दुकानातून मशीन घेतलं तिथे फोन केला. न बघताच ते म्हणाले, विंडोज करप्ट झालं आहे, फॉरमॅट मारावं लागेल, मशीन घेऊन या. सात वर्षांचा हिशेब त्या मशीनमध्ये आहे! एका कॉम्प्युटर क्लासच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘बाई, आता सी कोण शिकतं? त्याला पायथन शिकवा.’ मला पायथनबद्दल राग नाही. पण आपल्याला अडचण सुटत नाही म्हणून समोरच्याचा विषयच बदलायचा, ही रीत मला मुळीच मान्य नाही. भाच्याचं रोज एकच: ‘अगो मावशी, राहू दे ना, टर्बो चालतं ते बरं आहे.’ मी म्हटलं, ‘अरे, तुझ्यासाठी नाही, आता मला बघायचं आहे काय अडतं ते.’

डेव्ह-सी-प्लस-प्लस हा दुसरा आयडीई घालून पाहिला. तीच ओळ. दोन वेगळ्या सॉफ्टवेअरना एकच दुखणं आहे म्हणजे खोट त्यांच्या खिडक्यांत नाही, आतल्या कंपायलरमध्ये नाहीतर माझ्या मशीनमध्ये आहे, एवढं त्या रात्री कळलं. आयडीई आणि कंपायलर या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे पाठ होतं, पण ते खरं समजलं तेव्हा.

उत्तर मिळालं ते तिसरंच काही घालायला गेल्यावर. जीसीसीची ताजी आवृत्ती विंडोजवर घेण्यासाठी एमसिस-टू नावाचा संच आहे. त्याच्या पानावर, फोल्डर निवडण्याच्या पायरीपाशी लिहिलं आहे की फोल्डरचा पत्ता आखूड ठेवा, फक्त आस्की अक्षरांत ठेवा, स्पेस नको. फक्त आस्की! म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं. मी लाल ओळीकडे परत पाहिलं. सहा प्रश्नचिन्हं. मी वहीवर ‘कुळागर’ लिहिलं आणि फोडून मोजलं: क, उकार, ळ, काना, ग, र. सहा.

तोंडाने चार अक्षरं, पण कॉम्प्युटर उकार आणि काना वेगळे मोजतो. ती प्रश्नचिन्हं म्हणजे माझ्या खात्याचं नाव होतं.

घडत होतं ते असं. जीसीसी प्रोग्रामचं रूपांतर एका झटक्यात करत नाही. मध्ये एक-दोन कच्च्या फाइली करतो आणि त्या विंडोजच्या टेम्पररी फोल्डरात ठेवतो. हा फोल्डर तुमच्या खात्याच्या फोल्डरात, ‘अॅपडेटा’च्या आत असतो. म्हणून प्रोग्राम डी ड्राइव्हवर नेऊन काही उपयोग नव्हता, कच्च्या फाइली ‘कुळागर’मध्येच जात होत्या. आणि तो जुना जीसीसी विंडोजशी जुन्या कोडपेजच्या, म्हणजे मोजक्या अक्षरांच्या तक्त्याच्या, भाषेत बोलायचा. त्या कोडपेजमध्ये देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह. वर विंडोजमध्ये फाइल किंवा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. मग असा फोल्डर सापडणार कुठून?

मी लगेच कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन खात्याचं नाव इंग्रजीत केलं. लॉगिनच्या पडद्यावर नाव बदललं. बिल्ड दाबलं, तीच ओळ. खात्याचं नाव बदललं तरी यूजर्समधला फोल्डर जुन्याच नावाचा राहतो. आणखी एक दिवस गेला.

खरा उपाय पाच मिनिटांचा निघाला. सी ड्राइव्हवर सरळ ‘टेम्प’ नावाचा फोल्डर केला, इंग्रजी अक्षरांत. स्टार्ट मेन्यूत ‘एन्व्हायर्न्मेंट’ टाइप केलं की ‘एडिट एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स फॉर युअर अकाउंट’ असं येतं. तिथे वरच्या भागात ‘टेम्प’ आणि ‘टीएमपी’ अशी दोन नावं असतात. दोन्हींवर डबल क्लिक करून जुना पत्ता काढायचा आणि नव्या फोल्डरचा पत्ता घालायचा. दोन्ही बदलायची, एक नाही. कोड-ब्लॉक्स बंद करून परत उघडायचं, कारण आधीपासून उघडलेल्या प्रोग्रामला नवा पत्ता कळत नाही. मी बिल्ड दाबलं. ‘शून्य एरर, शून्य वॉर्निंग.’ काळ्या खिडकीत ‘हॅलो’ आलं. घटस्थापना तीन-चार दिवसांवर आली होती. रात्रीचे पावणेबारा वाजले होते, तरी मी भाच्याला फोन केला.

सुटल्याचं समाधान मोठं होतं, पण राग गेलेला नाही. सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 ची, आणि तिच्यात देवनागरी आहे. विंडोज एनटी 1993 मध्ये आलं तेव्हापासून त्याच्या आतली फाइलींची नावं युनिकोडमध्ये आहेत. म्हणजे माझं मशीन ‘कुळागर’ व्यवस्थित जाणत होतं. मधला एक जुना दरवाजा तेवढा ते नाव जाणत नव्हता, आणि तो दरवाजा 2018 च्या कंपायलरमध्येही तसाच होता. आपल्या लिपीत नाव ठेवणाऱ्याला ‘विंडोज करप्ट झालं’ असं सांगितलं जातं, हे चूक आहे. निदान ती लाल ओळ तरी स्पष्ट बोलायला हवी होती.

पुढचं भराभर. एमसिस-टू नंतर घातलाच, कारण त्यात जीसीसी ताजा मिळतो. त्याच्या खिडकीत ‘पॅकमॅन’ या आज्ञेने यूसीआरटी-64 या विभागातलं जीसीसीचं पॅकेज मागवायचं आणि मग यूसीआरटी-64 च्या आतल्या ‘बिन’ फोल्डरचा पत्ता ‘पाथ’ या, आज्ञा कुठे शोधायच्या ते सांगणाऱ्या, एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये घालायचा. नाही घातला तर कमांड प्रॉम्प्ट म्हणतो, जीसीसी नावाची आज्ञा मला माहीत नाही. पाथमध्ये जुन्या मिंगडब्ल्यूचा पत्ता आधी आला तर जुनाच कंपायलर चालतो. ‘जीसीसी’, स्पेस, दोन डॅश, ‘व्हर्जन’ असं टाकून कोणता चालतो आहे ते आधी बघा.

कंपाइल करताना डॅश लावून ‘डब्ल्यू-ऑल’ लिहाच, म्हणजे कंपायलर जास्त वॉर्निंग देतो. भाचा स्कॅनएफ या इनपुट घेणाऱ्या फंक्शनमध्ये अँपरसँड (&) विसरला होता. फॉरमॅट आणि व्हेरिएबल यांचा मेळ टर्बो तपासत नाही, त्यामुळे तो तासभर लॅबमध्ये चूक शोधत होता. इथे वॉर्निंगने ओळ क्रमांकासकट दाखवली. डॅश ‘जी’सुद्धा लावा, म्हणजे जीडीबी डीबगरने एकेक ओळ चालवून बघता येते.

कॉलेजचे प्रोग्राम जसेच्या तसे चालणार नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. ‘व्हॉइड मेन’ऐवजी ‘इंट मेन’ लिहायचं. ‘क्लीअरस्क्रीन’ची ओळ काढून टाकायची, ते फंक्शन टर्बोचं आहे, सी भाषेचं नाही. चित्रं काढायची टर्बोची ‘ग्राफिक्स डॉट एच’ मिळणार नाही. हेडर फाइल (फंक्शनची ओळख असलेली) विसरून फंक्शन वापरलं तर पूर्वी वॉर्निंगवर भागायचं, 2024 च्या जीसीसी 14 पासून ती सरळ एरर आहे. भाचा आधी वैतागला, पण आता हेडर विसरत नाही. ज्यांच्याकडे विंडोजऐवजी उबुंटू आहे त्यांना यातलं फारसं काही करायला नको. ‘बिल्ड-इसेन्शियल’ नावाचं पॅकेज घातलं की जीसीसी आणि मेक दोन्ही येतात.

हो, आणि प्रोजेक्टच्या फोल्डरच्या नावात स्पेस ठेवू नका. कोड-ब्लॉक्समध्ये बिल्ड होतं, पण डीबगर ब्रेकपॉइंटवर (आपण थांबायला सांगितलेल्या ओळीवर) न थांबता पळतो.

नंतर मी स्वतः कुळागराच्या हिशेबाचा प्रोग्राम लिहिला, मालांची नावं मराठीत. सोर्स फाइल यूटीएफ-8 या युनिकोडच्या रूपात ठेवायची. कमांड प्रॉम्प्टवर कोडपेज यूटीएफ-8 करणारं ‘सीएचसीपी 65001’ टाकलं तरी आमच्या काळ्या खिडकीत देवनागरी नीट उमटेना, म्हणून आउटपुट फाइलीत वळवलं आणि नोटपॅडमध्ये उघडलं. तिथे स्वच्छ आलं: सुपारी, नारळ, केळी, मिरी. रकाने मात्र वेडेवाकडे. छापणाऱ्या प्रिंटएफ फंक्शनला वीस जागांचा रकाना सांगितला की तो बाइट मोजतो आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. ‘सुपारी’चे अठरा बाइट, ‘नारळ’चे बारा, म्हणून एकापुढे दोन जागा सुटल्या आणि दुसऱ्यापुढे आठ. मी आकडे डावीकडे आणि नावं शेवटी घेतली, रकाने सरळ झाले.

खात्याचं नाव मी परत ‘कुळागर’ केलं आहे. सी ड्राइव्हवरचा टेम्प फोल्डर महिन्यातून एकदा रिकामा करते. कोड-ब्लॉक्स चालू असताना तो पुसायचा नाही, आधी बंद करायचं.