ओकानागन: ऊन आपल्यासारखंच, तळी मात्र त्यांची

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या ओकानागन खोऱ्यात जायचं ठरलं, तेव्हा व्हँकुव्हरच्या भाच्याने आधीच बजावलं होतं, "मामा, तिकडे पारा पस्तीसच्या वर जाते बरं का!" नागपूरच्या मे महिन्यातून गेलेल्या माणसाला हे सांगून राहिला! हसू आलं. पण तिथली हवा इतकी कोरडी की घाम कळतच नाही, म्हणून पाण्याची बाटली हाताशी ठेवाच.

व्हँकुव्हरहून निघालं की होप गावापर्यंत सगळं ओलं, हिरवं. पुढे कोकिहाला हायवेचा घाट, मेरिट गावाहून हायवे ९७सी, आणि १,७२८ मीटरची पेनास्क खिंड ओलांडली की झाडं विरळ होतात, डोंगर पिवळे दिसू लागतात. समुद्रावरचे ढग पश्चिमेच्या रांगांवरच रिते होतात. दक्षिणेकडच्या ओसोयूसला वर्षभरात जेमतेम ३०० मिलीमीटर पाऊस. आपल्याकडे एकट्या जुलैत साधारण तेवढा पडतो.

मग द्राक्षं कशी? तळ्याचं पाणी उचलून. काटोल-वरुडच्या संत्रेवाल्यांना इथल्या ठिबकच्या नळ्या ओळखीच्या वाटतील. ओकानागन तळं सुमारे १३५ किलोमीटर लांब आणि खोल आहे, त्यामुळे काठावरची थंडी थोडी बोथट होते. तरी जानेवारी २०२४च्या कडाक्यात वेलींचे डोळे (फुटायचे कोंब) मेले आणि त्या वर्षीचं द्राक्षाचं पीक जवळजवळ गेलंच.

व्हँकुव्हरहून केलोना शहर सुमारे ३९० किलोमीटर, चार-साडेचार तास. बहुतेक लोक तिथेच उतरतात. मी म्हणेन, पेंटिक्टनला राहा. ओकानागन आणि स्काहा या दोन तळ्यांच्या मधोमध वसलेलं हे गाव आटोपशीर आहे, आणि नारामाटाचे द्राक्षमळे हाकेच्या अंतरावर. दोन तळ्यांना जोडणाऱ्या कालव्यातून रबरी ट्यूबवर आडवं पडून वाहत जायचं, हा इथला खरा उद्योग. ट्यूब भाड्याने मिळते. पोहण्यासाठी ओसोयूसचं तळं जास्त उबदार. तिकडच्या कोरड्या माळावर रॅटलस्नेक हे विषारी साप असतात, तेव्हा गवतात चपला घालून शिरू नका.

वायनरीत चव घ्यायला बहुतेक ठिकाणी पैसे पडतात. मद्यासाठी वय १९ पूर्ण हवं. चार घोट घेऊन स्टिअरिंगवर बसायचा विचार मात्र सोडा: रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल निघालं तरी पोलीस लायसन्स काढून घेतात, गाडीही जप्त होऊ शकते. न पिणारा एक जण ठरवा, नाहीतर टूरची व्हॅन घ्या. आमच्याकडे ही जबाबदारी बायकोने उचलली, आणि त्याचे टोमणे अजून चालू आहेत.

कधी जावं? जूनअखेर ते जुलैचा पहिला पंधरवडा. चेरी तेव्हा मिळते आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो. ऑगस्टमध्ये पीच येतात, पण वणव्याचा धूरही येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये वेस्ट केलोनाजवळ मोठी आग लागून हजारोंना घरं सोडावी लागली होती. बुकिंग रद्द करता येईल असंच करा आणि निघण्याआधी प्रांताचा वणव्यांचा नकाशा बघा.

शाकाहारींनी पोहे, थेपले सोबत ठेवावेत. ऑलिव्हर-ओसोयूसकडे बऱ्याच बागा पंजाबी शेतकऱ्यांच्या आहेत, फळांच्या स्टॉलवर हिंदी बिनधास्त चालते. ओसोयूसच्या पश्चिमेला हायवे ३ वरून ठिपक्यांचं तळं दिसतं. उन्हाळा सरत आला की पाणी आटून खनिजांचे गोल उघडे पडतात. ती जागा तिथल्या मूळ रहिवाशांची, पवित्र मानलेली. कुंपणाबाहेरूनच फोटो काढा.