रजिस्टरमधला रिकामा रकाना

व्यापारावर काम करणारी हिनरिच फाउंडेशन ही संस्था आणि आयएमडी हे स्वित्झर्लंडमधलं बिझनेस स्कूल मिळून 30 अर्थव्यवस्थांचा शाश्वत व्यापार निर्देशांक काढतात. निर्यात किती हे तर बघतातच, पण हवा, जंगलतोड, मजुरांचे हक्क यांचेही गुण धरतात. वाचलं आणि फेब्रुवारीतलं आमचं ऑडिट आठवलं.

दिंडोरीत आमची चार एकर थॉमसन द्राक्षं. युरोपला माल पाठवायचा तर ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर प्लॉटची नोंद, मालात औषधाचा अंश किती ते बघणारी रेसिड्यू टेस्ट, ग्लोबलगॅप हे शेतीचं प्रमाणपत्र. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे कंटेनर अडकले, तेव्हापासून औषधांचा हिशोब आमच्याकडे सोन्यासारखा. कोणत्या ओळीत, कोणत्या दिवशी, किती मिली, सगळं लिहिलेलं.

मजुरांचं मात्र अवघडच. ग्रास्प ही ग्लोबलगॅपसोबतची मजुरांविषयीची तपासणी; तिच्या तक्त्यात रोजाची मजुरी किती, तास किती असे रकाने. विरळणीच्या, म्हणजे घडातले जादा मणी कापायच्या कामाच्या बाया सुरगाण्याहून येतात आणि काम घेतात उक्तं, एकरावर! सातला कात्री हातात घेतात, ऊन चढलं की मांडवाखाली भाकरी सोडतात, पुन्हा संध्याकाळपर्यंत. तास मी मोजले नव्हते, त्यांनीही नाही. ऑडिटरने संडास बघितला, पिण्याच्या पाण्याचा ड्रम बघितला, टिक केली. मग भागाकार करून मी रोज काढला आणि रकाना भरला. खोटं नव्हतं, पण खरंही म्हणवत नाही.

पाण्याचं कुणी विचारलंच नाही. किलोभर द्राक्षामागे जागतिक सरासरी सुमारे 600 लिटर धरतात. आमच्या बोअरला मीटरच नाही.

यंदा विरळणीआधी मुकादमीण मावशींकडे तास लिहायला एक वही दिली. त्या म्हणाल्या, "दादा, लिहिणार कोण?" त्यांची सहावीतली नात लिहिते आता, रविवारी.