राजीनामा

इंदूरच्या कोर्टात राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं नव्हे. दोन्ही पक्षांनी राजीखुशीनं केलेली तडजोड. पुण्याहून लग्न होऊन आले तेव्हा या शब्दानं माझा गोंधळ उडायचा. आता सव्वीस वर्षं इथंच वकिली करतेय.

परवा आमच्याच रामबागेतल्या वाड्याचा राजीनामा लिहायला बसलो. सासरे आणि काका, सख्खे भाऊ, एकोणीस वर्षं तारखांवर तारखा. काकांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "सूनबाई, मागच्या दोन खोल्या घेऊ दे त्याला. पण आईच्या तेराव्याला त्यानं मला भरल्या पानावरून उठवलं, ते यात कुठं लिहिलंयस?"

मी गप्प. रात्री जो स्लोवो आठवले, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदी गोऱ्या सरकारविरुद्ध लढलेले वकील.

लिथुआनियातल्या ओबेलियाई गावात 1926 साली जन्मलेले, लहानपणीच दक्षिण आफ्रिकेत आलेले ज्यू. शाळा अर्धवट, महायुद्धात सैनिक, मग विट्स विद्यापीठातून कायदा आणि जोहान्सबर्गला वकिली. 1956 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात ते स्वतःच आरोपी झाले. 1961 मध्ये मंडेलांबरोबर 'उमखोंतो वे सिझ्वे' ही भूमिगत सेना उभारली. कोर्टात न्याय मागून थकलेल्या वकिलानं हत्यार उचलावं, यातली घुसमट मला कळते. 1963 पासून सत्तावीस वर्षं देशाबाहेर. 17 ऑगस्ट 1982 ला मोझांबिकमधल्या मापुतोच्या विद्यापीठात त्यांच्या पत्नी रूथ फर्स्ट यांनी टपालानं आलेलं पाकीट उघडलं. आत बॉम्ब होता, गोऱ्या सरकारच्या पोलिसांनी पाठवलेला.

आणि याच माणसानं 1992 मध्ये सुचवलं, की काही वर्षं सत्तेत त्या गोऱ्यांनाही वाटा द्या, जुन्या सरकारी नोकरांच्या नोकऱ्या राखा. स्वतःचेच साथीदार चिडले. पण त्यातूनच 1994 ची निवडणूक मार्गी लागली. स्लोवो गृहनिर्माण मंत्री झाले आणि 1995 च्या जानेवारीत कॅन्सरनं गेले.

रूथचं काय? पुढे वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगासमोर कबुली देऊन 2000 मध्ये मारेकऱ्यांना माफी मिळाली. मुलींनी विरोध केला होता. मला मुलींचं पटतं. पण त्या कबुलीमुळे ते पाकीट कुणी पाठवलं हे निदान कागदावर तरी आलं.

काल सकाळी मसुद्याच्या हकीकतीत दोन ओळी वाढवल्या. तेराव्याचा दिवस, भरलं पान, कुणी कुणाला उठवलं. कोर्टाचा कागद हिंदीत, त्यामुळे 'भरल्या पाना'ला शब्द शोधताना बराच वेळ गेला. सासऱ्यांनी वाचलं, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा वाचलं. आणि काकांच्या आधी सही केली.