वणव्याआधी घराभोवती एक फेरी

ज्योतिबाच्या डोंगराच्या उताराला आमचं घर. होळीच्या आसपास गवत वाळलं की रात्री डोंगरावर कुठं ना कुठं लाल रेघ दिसतेच. ‘जाळलं की पुढल्या साली गवत जोमानं येतं’ ही समजूत काही जात नाही. म्हणून यंदा वनखात्यातून निवृत्त झालेल्या मामांना फेब्रुवारीतच बोलावलं.

मामांनी डोंगराकडं बघितलंच नाही, आधी शिडी मागितली. “जाळ भिंतीपतोर येईलच असं न्हाई, पण ठिणगी येती. वाऱ्यावर अर्धा किलोमीटरसुद्धा सहज.” पन्हाळीतनं आंब्याचा वाळका पाला घमेलंभर निघाला. दोन कौलांच्या फटीत उंदरानं चिंध्या आणि पिंजर कोंबलेलं. चिमटीत धरलं की भुगा. ठिणगीला एवढंच लागतं.

परड्यात तर सगळा दारूगोळाच. मागच्या भिंतीला टेकून शेणींचा हुडवा, त्यावर सरपण, शेजारी गॅसची भरलेली टाकी. भिंतीपासून दीड मीटरात जळणारं काहीच नको आणि गवताची व्हळी, म्हणजे गंजी, निदान दहा मीटर लांब, असं मामांचं म्हणणं. आई हुडवा हलवू देईना. पावसाळ्याचं जळण ते, तिचंही खरंच! शेवटी गोठ्यापलीकडं नेऊन वर पत्रा टाकला.

मला खरं पटलं ते उताराचं गणित. आग चढाला पळते, कारण ज्वाळा वरच्या गवताकडं झुकून त्याला आधीच तापवतात. चढ दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट. म्हणजे घराच्या खालच्या अंगाला जास्त साफसफाई हवी, आणि आम्ही आजवर झाडत आलो ते पुढचं अंगण! खाली घाणेरी माजली होती, तिच्यावर आंब्याच्या फांद्या टेकलेल्या. गवतातनं घाणेरीत, घाणेरीतनं फांदीत, तिथनं कौलावर, असा सरळ जिना. घाणेरी मुळासकट उपटली, खालच्या फांद्या छाटल्या आणि कुंपणाकडेनं खोऱ्यानं माती उघडी पडेपर्यंत पट्टा खरवडला. जाळून पट्टा काढायला मामांनी साफ मनाई केली. दुपारनंतरचा वारा कुणाचं ऐकत नाही.

वनखात्याचा १९२६ नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये घातलाय. उरलं शेजारच्या दादांच्या उसाच्या फडातलं पाचट. ते पेटवू नका, कुट्टी करून रानातच कुजवा, खत होईल, असं दादांना सांगून आलोय. मशीन मिळालं तर बघू म्हणाले.