पगार थांबला की आधी क्रेडिट कार्ड

मंदीत नोकरी गेली की बहुतेक जण घरखर्चाला कात्री लावतात आणि कार्डाची 'किमान रक्कम' भरून निर्धास्त होतात. गोची तिथेच होते. समजा थकबाकी ५०,००० आणि व्याज महिना ३.५ टक्के. म्हणजे १,७५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३१५. तुम्ही २,५०० भरले, तर मुद्दल उतरलं जेमतेम ४३५. शिवाय जुनी बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा स्वाइप केला की त्याच दिवसापासून मीटर सुरू.

मुदत ठेव असेल तर ती मोडण्याआधी बँकेत तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून लागतील तेवढे पैसे उचलण्याची सोय) मागा. व्याज साधारण ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त, तेही वापरलेल्या रकमेवरच. त्यातून कार्ड एकरकमी मिटवा आणि कपाटात ठेवा. (अ‍ॅपमधून सेव्ह केलेलं कार्डही काढा, नाहीतर कपाटाचा उपयोग शून्य.)

गृहकर्जाचा हप्ता चुकणार असं दिसत असेल, तर चुकण्याआधी शाखेत लेखी अर्ज द्या: मुदत वाढवून हप्ता कमी करा म्हणून. हप्ता बाउन्स झाला की आपली बँक आणि कर्ज देणारी संस्था, दोघीही दंड लावू शकतात.

कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर जातो. वैयक्तिक पॉलिसीची चौकशी नोटीस पीरियडमध्येच करा.